एकशे चौदावा नग

फोन आला तेव्हा तन्वीरच्या उजव्या गालावर साबणाचा फेस होता आणि दोन्ही हात चादरीखाली होते, म्हणून तो पुंडलिकनं उचलला. पुंडलिकचं शहागंजातलं सलून म्हणजे तीन खुर्च्या, एक बाकडं आणि रविवारची सकाळ असेल तर त्या बाकड्यावर मावतात त्यापेक्षा दोन माणसं जास्त. तन्वीरच्या दाढीला पहिले कोंब फुटले तेव्हापासून ती पुंडलिकच्याच हाताखालून गेलेली, त्यामुळं त्याचा फोन उचलणं हेही पुंडलिक आपलं कामच समजायचा. कानाला लावला तर फोन फेसानं भरेल, म्हणून त्यानं तो स्पीकरवर टाकला आणि आरशाखालच्या फळीवर तुरटीच्या खड्याशेजारी ठेवून दिला. पलीकडून आकाश बोलत होता. तन्वीरचं सामान जहाजानं कॅनडाला पाठवायचं काम ज्या पॅकर्सनं घेतलं होतं, त्यांच्या जालना रोडवरच्या ऑफिसातला हा कारकून, बोलायला फार अदबशीर.

“सर, तुमची सामानाची यादी टाईप करतोय. पान पाच, नंबर एकशे चौदा. पिस्तूल, एक नग, काळं, चालू हालतीत. सर, हे पिस्तूल म्हणजे पिस्तूलच आहे का?”

पुंडलिकचा वस्तरा गालापासून बोटभर अंतरावर थांबला. बाकड्यावर उर्दू पेपर वाचत बसलेल्या म्हाताऱ्यानं पान उलटायला घेतलेला हात तसाच ठेवला. शेजारच्या खुर्चीतल्या माणसानं आरशातून तन्वीरकडं पाहिलं आणि आरशातूनच नजर काढून घेतली. एवढंच झालं, यापेक्षा जास्त काही झालं नाही. तन्वीर म्हणाला की नाही, ते खेळण्यातलं आहे, प्लास्टिकचं आहे, छर्ऱ्यांचं आहे आणि ते जाणारच नाहीये. एका वाक्यानं भागलं असतं तिथं आपण चार वाक्यं बोललो, हे त्याला चौथं वाक्य संपायच्या आत कळलं. आकाश म्हणाला, बरं झालं सर, पण यादी ऑफिसच्या ग्रुपवर गेली आहे, साहेबांनी पाहिली आहे. साहेबांचं म्हणणं पडलं की असं काही लेखी आलं तर आम्हाला पोलिसांना कळवावं लागतं. संध्याकाळपर्यंत दुरुस्त केलेली, सही केलेली यादी आली तर विषय संपला, बुधवारच्या कंटेनरमध्ये सामान जाईल. पुंडलिकनं ओल्या अंगठ्यानं फोन बंद केला आणि कोणी विचारलेलं नसताना साऱ्या दुकानाला ऐकू जाईल असं म्हणाला, “लेकराच्या खेळण्यातलं आसंल. आमच्या घरात बी दोन पडल्यात.” मग त्यानं उरलेला गाल केला, नेहमीपेक्षा जरा सावकाश. तन्वीर आरशात स्वतःकडं बघत राहिला. चाळिशीला टेकलेला, मशीनच्या सुट्या भागांची चित्रं काढून पोट भरणारा, कधी सिग्नल न तोडलेला एक माणूस त्याला तिथं दिसला. पुंडलिकनं आपली बाजू घेतली याचं त्याला बरं वाटायला हवं होतं, पण बाजू घ्यायची वेळ आली याचंच वाईट वाटत होतं.

दुकानातून बाहेर पडल्यावर चेलीपुऱ्यातलं घर दहा मिनिटांवर होतं, पण तो घराकडं न वळता घड्याळाच्या मनोऱ्याकडं चालायला लागला. जानेवारीतलं ऊन होतं, पेरूच्या गाड्या लागल्या होत्या, स्वेटरवाल्यांनी रस्त्याच्या मधोमध खाटा टाकल्या होत्या. शनिवारी, चोवीस तारखेला, त्याचं विमान होतं. त्याची बायको तहरीम आणि मुलगी लाइबा आठ महिन्यांपूर्वीच गेल्या होत्या. तहरीम तिथल्या एका इस्पितळात नर्स होती आणि सहा वर्षांची लाइबा फोनवर आता बर्फाचे चार प्रकार सांगायची. तन्वीर मागं राहिला तो कंपनीतलं काम हातावेगळं करायला आणि अब्बांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन उरकायला, असं तो सगळ्यांना सांगत होता. ऑपरेशन होऊन पाच महिने झाले होते. कॅनडाच्या कागदावर शेवटची तारीख होती सहा फेब्रुवारी. त्याआधी तिथं पाऊल पडलं नाही तर तो कागद रद्दी, आणि तहरीमची तीन वर्षांची धावपळ पाण्यात. आज संध्याकाळी कोणा साहेबानं कोणा ठाण्यात एक फोन केला, कोणी हवालदार चौकशीला आला, जबाब, पंचनामा, पुढची तारीख, की सहा फेब्रुवारी कधी येऊन गेली ते कळणारही नाही. तो गुन्हेगार ठरला नसता, हे त्याला पक्कं माहीत होतं. पण न ठरायला चार महिने लागले असते. हाच नग पुण्यातल्या त्याच्या जुन्या मित्राच्या, गोकुळच्या यादीत निघाला असता तर आकाश हसला असता आणि गोकुळही हसला असता, असं त्याच्या मनात आलं. हा विचार त्याला आवडला नाही, पण तो खोटा आहे असंही त्याला म्हणता येईना.

यादी अब्बांनी लिहिली होती. फारूख अर्जनवीस म्हटलं की कलेक्टर कचेरीच्या आवारात अजूनही दोनचार जुने लोक मान हलवतात. लिंबाखाली पत्र्याचं टेबल टाकून त्यांनी चाळीस वर्षं लोकांचे अर्ज लिहिले. पिशोरचा शेतकरी असो की सोयगावचा दुकानदार, वारसाचा अर्ज असो की रेशनकार्डाचा, समोरचा माणूस अर्धा तास बोलायचा आणि अब्बा त्यातून आठ ओळी काढायचे. घरी दख्खनी बोलणारे अब्बा कामाचं बोलायचं झालं की मराठीत यायचे; मराठी ही त्यांची कचेरीची भाषा होती, लिंबाखाली शेतकऱ्यांच्या तोंडून उचललेली, आणि ती ते इस्त्रीच्या सदऱ्यासारखी जपून वापरायचे. मोहल्ल्यात लग्न निघालं की मात्र दुसरं काम त्यांच्याकडं यायचं, जहेजची फेहरिस्त. मुलीबरोबर जाणारी एकेक वस्तू अंगणात मांडायची, अब्बांनी ती पाहायची, हात लावायचा आणि लिहायचं: पातेलं, पितळी, एक नग, कल्हई नवी. आरसा, एक नग, उजव्या कोपऱ्यात तडा. मग दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांपुढं यादी मोठ्यानं वाचायची आणि सह्या घ्यायच्या. त्या यादीत खाडाखोड चालत नसे. लिहिलेली वस्तू काही कारणानं गेली नाही तर ती खोडायची नाही, समोर ‘दिली नाही’ असं लिहून दोघांनी सही करायची. तडा लपवला तर तो पुढं मुलीच्या माथी येतो, असं ते म्हणत.

कॅनडाच्या सरकारला सामानाची यादी लागते म्हटल्यावर अब्बांना पाच वर्षांत आलं नव्हतं असं तेज आलं. बरोबर काय नेणार आणि मागून काय येणार, एकेक वस्तू लिहून न्यायची असते असं तन्वीरनं सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, म्हणजे फेहरिस्तच की. आकाशला चार ओळींत भागलं असतं: भांडी, कपडे, पुस्तकं, खेळणी. पण अब्बांनी गुडघ्यावर फळी घेतली आणि तीन संध्याकाळी सात पानं लिहिली. उजवा खांदा दोन वर्षांपासून आखडलेला, कुर्ता घालायलासुद्धा दुसऱ्याचा हात लागायचा, तरी अक्षर तसंच गोल. कुकर, तीन लिटर, शिट्टी नवी. सायकल, मुलीची, गुलाबी, डावीकडचं लहान चाक नाही. प्रत्येक वस्तूला ते हालत विचारायचे, आणि हालत सांगता सांगता ती कधी घेतली, कोणी आणली, अम्मीनं तिच्यावरून काय वाद घातला, हे सगळं निघायचं. अम्मी, रईसा, जाऊन पाच वर्षं झाली होती. सामान बांधणं हे घर मोडणंच आहे, हे त्या तीन संध्याकाळी दोघांनाही आठवत नव्हतं. तिसऱ्या दिवशी लाइबाचा फोन आला म्हणून तन्वीर गच्चीवर गेला आणि दहा मिनिटांनी परत आला, तेव्हा अब्बा पाचवं पान संपवून सहाव्यावर होते. रात्री त्यानं सातही पानांचे फोटो काढले आणि न वाचताच आकाशला पाठवून दिले. अब्बांनी लिहिलेलं परत वाचायचं असतं, हे त्याला आयुष्यात कधी सुचलंच नव्हतं.

आणि ते पिस्तूल. ते अजूनही घरातल्या कपाटावर, बुटाच्या खोक्यात असणार. पुण्याला नोकरीत होता तेव्हाचं ते. कंपनीतले आठ-दहा जण महिन्यातून एका रविवारी शहराबाहेरच्या एका बंद पडलेल्या पोल्ट्रीत जायचे आणि दिवसभर लढाई खेळायचे. एअरसॉफ्ट. खऱ्यासारखी दिसणारी प्लास्टिकची हत्यारं, आत स्प्रिंग, सहा मिलिमीटरचे पिवळे छर्रे, डोळ्यांवर चष्मे. ज्या माणसानं शाळेत कबड्डीला सुद्धा अंग चोरलं, तो तन्वीर त्या शेडमध्ये पत्र्याच्या पिंपांमागून वाकून धावायचा, आणि कोंबड्यांच्या जुन्या खताचा तो उग्र वास नाकात गेला की त्याला इतकं मोकळं वाटायचं की संध्याकाळी बसमध्ये त्याचीच त्याला लाज वाटायची. त्या खेळाचा नियम एकच. छर्रा लागला तर रंग उडत नाही, डाग पडत नाही, पंच नसतो. ज्याला लागला त्यानं स्वतः हात वर करायचा, खेळातून बाहेर जायचं आणि शेडच्या भिंतीला टेकून डाव संपेपर्यंत बसून राहायचं. हात वर केलेल्यावर पुन्हा कोणी छर्रा झाडत नाही. सगळा खेळ त्या एका हातावर चालायचा. आणि एकदा, शेवटच्या डावात, त्याच्या बाजूचा तो एकटाच उरलेला असताना, डाव्या खांद्याच्या पात्याखाली त्याला छर्रा लागला. गोकुळनं मारलेला. हा गोकुळ पिशोरकडचाच, पुण्यात त्याच्या खोलीत राहणारा, शेतकऱ्याचं पोर. स्वेटरमधूनही मधमाशी चावावी तसं चुणचुणलं. तन्वीरनं हात वर केला नाही. तो वळला आणि त्यानं गोकुळला टिपलं. गोकुळनं लगेच हात वर केला, त्याच्याकडं क्षणभर पाहिलं आणि म्हणाला, “लागलं नसंल मग,” आणि भिंतीला जाऊन बसला. डाव तन्वीरच्या बाजूनं जिंकला. पाठीवर पडलेला डाळीएवढा लाल डाग आठ दिवस राहिला, आणि ते आठ दिवस तो गोकुळसमोर शर्ट बदलायला मोरीत जात होता. त्यावर ते कधीच बोलले नाहीत. पुढं गोकुळनं दुसरीकडं खोली घेतली, कारण त्याचं लग्न ठरलं होतं. पण तन्वीरच्या मनात त्याचं कारण कायम तो डागच राहिला.

कोरोनाच्या वर्षी, अम्मी गेल्यानंतर, घरात दोघंच उरले होते. तहरीम बाळंतपणाला माहेरी जालन्याला अडकली होती. त्या महिन्यांत एक दिवस त्यानं ते खोकं खाली काढलं, बाटल्यांची बुचं ओळीनं मांडली आणि अब्बांना नेम धरायला शिकवलं. अब्बा आधी म्हणाले, खिडकी लगा ले बेटा. खिडकी लावून, पडदा ओढून, बाप-लेक पिवळे छर्रे झाडत बसले. तेव्हा त्यानं अब्बांना तो हात वर करण्याचा नियम सांगितला. अब्बांना तो इतका आवडला की त्यांनी तो दोनदा सांगायला लावला. “गवाह नाय, पंच नाय, कागद नाय,” ते म्हणाले, “ज्याला लागली त्योच सांगतो. ह्ये कचेरीत आलं आसतं तर माझं दुकान बंद पडलं आसतं.” गोकुळचं त्यानं त्यांना सांगितलं नाही. कसं सांगणार.

घड्याळाच्या मनोऱ्यापाशी पेरूवाल्याच्या गाडीला टेकून उभा असताना त्याला ते आठवलं, म्हणजे विसरला नव्हताच, पण इतका वेळ ते त्याला नको होतं. गेल्या पावसाळ्यात त्यानं कायदा वाचून काढला होता. ते पिस्तूल बरोबर नेता येईल का, एवढंच पाहायला म्हणून बसला आणि दोन तास त्यातच गेला. कुठल्या देशात ते अर्धं भडक रंगवलेलं असलं तर चालतं, कुठं त्यावर ठरावीक शिक्का लागतो, कुठं खेळणं म्हणूनही आत येऊ देत नाहीत. कॅनडाचं सगळ्यात मजेशीर. ज्याचा छर्रा सेकंदाला तीनशे सहासष्ट फुटांपेक्षा जोरात जातो, त्याला एक वाट आहे. पण ज्याच्यात तेवढा जोर नाही आणि दिसतं मात्र हुबेहूब खऱ्यासारखं, ते नक्कल म्हणून बंद. त्याच्या पिस्तुलाचा जोर तीनशेच्या आतबाहेर. म्हणजे दुबळं म्हणून बंदी. आपल्याकडचा कायदा नक्की काय म्हणतो, हे त्याला दोन वकिलांनी तीन तऱ्हांनी सांगितलं होतं. हे सगळं त्यानं अब्बांना जेवताना हसत हसत सांगितलं होतं, आणि अब्बांनी घास थांबवून विचारलं होतं, “म्हंजी दिसण्यावर हाय सगळं?” तो म्हणाला होता, हो. ते कपाटावरच राहील, मी नेणार नाही. अब्बांनी मान हलवली होती.

म्हणजे त्यांना माहीत होतं. ते जाणार नाही हे माहीत होतं, तिथं त्याला बंदी आहे हे माहीत होतं. ज्या माणसानं आयुष्यभर शिकवलं की एक शब्द वाकडा गेला तर अर्ज सहा महिने लटकतो, त्या माणसाच्या हातून ‘खेळणे’ हा शब्द लिहायचा राहिला आणि ‘चालू हालतीत’ हे राहिलं नाही. मोहल्ल्यातली पोरं हसून सांगत की फारूखचाचांच्या अर्जात साहेबाला चूक सापडली तर साहेब मिठाई वाटतो. चेलीपुऱ्यातल्या घरातून निघालेल्या कागदावर पिस्तूल हा शब्द कुठल्या टेबलावर जाऊन काय करतो, हे साऱ्या शहरात कोणाला ठाऊक असेल तर ते अब्बांना. तन्वीरला पहिल्यांदा राग आला, चांगला सणसणीत, की आठ महिने मी तिकडं बायको-पोरीला तोंड दाखवलं नाही ते कोणासाठी. मग राग ओसरला आणि त्याच्या जागी जे आलं त्याला तो नाव देऊ शकला नाही. अब्बांना बरोबर चला म्हणून त्यानं किती वेळा विचारलं होतं. दरवेळी उत्तर एकच, तिथं जाऊन मी कोणाचे अर्ज लिहू? खाली चुलतभाऊ अल्तमश राहतो, तो बघेल, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं, आणि अब्बाही त्या ठरवण्यात होते. जाऊ नको असं ते एकदाही म्हणाले नव्हते. त्यानं अर्धा किलो पेरू घेतले, ते का घेतले ते त्याला कळलं नाही, आणि तो घराकडं वळला.

अब्बा खिडकीजवळच्या तख्तावर उन्हात बसले होते. ऑपरेशननंतर लावायचा काळा चष्मा ते अजूनही घालायचे. खोलीतलं बरंच सामान खोक्यांत गेलेलं होतं आणि भिंतींवर कपाटांच्या मागचे फिकट चौकोन उघडे पडले होते. तन्वीरनं पेरू ठेवले आणि फोन कसा आला, सलूनमध्ये कोण कोण होतं, साहेब काय म्हणाले, सगळं सांगितलं. आवाज चढवला नाही. अब्बांनी ऐकून घेतलं आणि मग इस्त्रीच्या मराठीत म्हणाले, “चूक झाली आसंल. वय झालं आता.”

एवढ्यावर ते सोडून देता आलं असतं. तन्वीरनं स्टुलावर चढून उरलेल्या कपाटावरून खोकं काढलं, पेचकस घेतला आणि जमिनीवर पेपर पसरून ते पिस्तूल खोलायला बसला. चार स्क्रू निघाल्यावर ते दोन फाका होऊन पडलं. आत एक स्प्रिंग, एक पिस्टन, थोडंसं सुकलेलं ग्रीस. याच्यासाठी पुंडलिकचा वस्तरा थांबला होता. हात चालू ठेवून, वर न बघता, त्यानं अब्बांना पोल्ट्रीतला तो शेवटचा डाव सांगितला. पात्याखाली लागलं ते, हात वर केला नाही ते, आठ दिवस मोरीत शर्ट बदलला ते. का सांगतोय हे त्याचं त्यालाही पुरतं कळत नव्हतं. पण अर्धा सांगून थांबता येईना. अब्बांनी चष्मा काढला.

“गोकुळ काय बोलला?”

“काही नाही. म्हणाला, लागलं नसेल मग.”

“त्याला ठावं व्हतं?”

“हो.”

“व्हय,” अब्बा म्हणाले. “समोरच्याला ठावं आसतंच.” मग त्यांनी पाचवं पान मागितलं. तन्वीरनं मूळ कागद आणून दिला. फळी गुडघ्यावर घेऊन त्यांनी एकशे चौदाव्या ओळीपुढं, समासात, बारीक गोल अक्षरात लिहिलं: खेळणे, प्लास्टिकचे. मोडले. पाठविले नाही. खाली सही केली, तारीख टाकली, आणि कागद तन्वीरपुढं धरला. ओळ त्यांनी खोडली नाही. तन्वीरनं शेजारी सही केली, फोटो काढला आणि आकाशला पाठवला. पाच मिनिटांत आकाशचं उत्तर आलं की चालेल सर, साहेबांनी पाहिलं, मंगळवारी सकाळी गाडी येईल. तन्वीरनं ते मोठ्यानं वाचून दाखवलं. अब्बा म्हणाले, चांगलं झालं. विषय संपला होता. पिस्तुलाचे तुकडे त्यानं पेपरात गुंडाळले, भंगारवाल्याकडं वेगवेगळ्या दिवशी द्यावे लागतील असं त्याच्या मनात आलं, आणि या विचाराची त्याला शरम वाटली.

मग तो म्हणाला, “अब्बा, सहा फेब्रुवारीच्या आत पोचलो नसतो तर माझे कागद रद्द झाले असते. पुन्हा पहिल्यापासून. तीन वर्षं.”

अब्बा फळीवरचं पेन उचलत होते, ते त्यांनी परत ठेवलं. “सहा फेब्रुवारी?”

“कागदावर आहे.”

“मला दावला नाय.”

“तुम्ही विचारलं नाही.”

हे खरं होतं. आठ महिन्यांत अब्बांनी त्या कागदाला हात लावला नव्हता. साऱ्या जगाचे कागद वाचलेल्या माणसानं एवढा एक वाचायचा ठेवला होता. आणि तन्वीरनंही तो त्यांच्यापुढं धरला नव्हता, कारण तारीख दाखवली की ती खरी होते असं त्याला वाटायचं. खालून अल्तमशच्या घरातून कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या. अब्बांनी खिडकीबाहेर पाहिलं. ते काहीतरी मोजत असावेत, ओठ किंचित हलत होते. बोलले तेव्हा ते दख्खनीत बोलले, कागदाची भाषा सोडून.

“मैं समझा दो महिने लटकेगा. बस. एक रमजान तो साथ में हो जाता बेटा. इत्ताच सोचा था मैं.”

रमजान अठरा-एकोणीस फेब्रुवारीला लागणार होता. अम्मी गेल्यापासून रोज्याआधी पहाटे, सहरीला, अब्बाच तन्वीरला उठवायचे, चहा तेच ठेवायचे, आणि दोघं न बोलता भाकरी आणि आदल्या रात्रीचं सालन खायचे. त्याला वाटायचं, ती आपण त्यांना दिलेली सोबत आहे.

अब्बा तख्तावरून उतरले. फळी त्यांनी बाजूला ठेवली आणि उजवा हात वर करायला लागले. तो छातीपर्यंत आला आणि अडला. मग त्यांनी डाव्या हातानं कोपर खालून उचललं आणि तो आखडलेला हात, चेहरा वेडावाकडा होत असताना, कानापर्यंत, कानाच्याही वर नेला, पंजा उघडा. तन्वीर पेचकस हातात घेऊन बसून राहिला. तो उठला नाही, थांबा म्हणाला नाही. त्या खेळात हात वर केलेल्याला कोणी काही म्हणत नाही. अब्बांनी हात तसाच ठेवला, तन्वीरनं नीट पाहिला आहे याची खात्री होईपर्यंत. मग तो खाली सोडला, दोन खोक्यांमधून वाट काढत ते पलीकडं गेले आणि कपाटाच्या फिकट चौकोनाखाली, भिंतीला टेकून, जमिनीवर बसले.